यहूदा पुढे सरला

ठाणे, रविवार

चि. रिबेका हिस अनेक आशीर्वाद.

फोनवर तू हिरमुसलेली वाटलीस. तुझ्या एतानच्या बार मित्स्वाला, म्हणजे तेराव्या वर्षी तो सिनेगॉगमध्ये तोरा (मोशेचे पाच ग्रंथ) वाचणार त्या दिवसाला, नेमका 'वायिगाश' हा पराशा, त्या आठवड्याच्या वाचनाचा भाग, आला, आणि वायिगाश म्हणजे यहूदा. "ज्याने भावाला विकला त्याच्याबद्दल मी चारचौघांत काय चांगलं बोलू, पप्पा? योसेफाचा एखादा भाग आला असता तर सोपं गेलं असतं," असं म्हणालीस. तुझी तक्रार खोटी नाही. पण मला विचारशील तर पोराचं नशीब थोर. वर्षभराच्या वाचनात यापेक्षा दमदार भाग त्याला मिळाला नसता.

भाषण मी लिहून देणार नाही, ते तुझं तू लिही. मी फक्त गोष्ट मला कशी दिसते ते सांगतो. शाळेत मराठी शिकवण्यात जन्म गेला, त्यामुळे मला धर्माआधी आख्यान दिसतं. तुझी आई याला माझी खोड म्हणते.

बेरेशीथच्या (उत्पत्तीच्या पुस्तकाच्या) 37व्या अध्यायापासून 50व्यापर्यंत जी गोष्ट चालते तिला सगळे योसेफाची गोष्ट म्हणतात. अंगरखा त्याचा, स्वप्नं त्याची, तुरुंग त्याचा, मिसरातलं (इजिप्तमधलं) वैभवही त्याचंच. पण वागण्यातला बदल शोधायला गेलीस तर तो योसेफात फारसा सापडत नाही. योसेफ हुशार जन्मतो, हुशार राहतो. बदलतो तो यहूदा. गंमत म्हणजे गोष्ट सांगणारा हे एकदाही बोलून दाखवत नाही. यहूदा वाईट होता किंवा मग तो सुधारला, असं एक वाक्य सापडणार नाही. त्याने काय केलं आणि तो काय बोलला तेवढंच तो सांगतो, आणि आपल्याला सोडून पुढे जातो.

सुरुवात तुला पाठ आहे. याकोबाला चार बायकांपासून बारा मुलगे. राहेल लाडकी, म्हणून तिचा थोरला योसेफ लाडका. वय सतरा. बाप त्याला एकट्यालाच भारी अंगरखा करून देतो. तो भावांच्या चहाड्या घरी आणतो आणि वर आपली स्वप्नं त्यांनाच ऐकवतो: तुमच्या पेंढ्या माझ्या पेंढीपुढे वाकल्या, सूर्य, चंद्र आणि अकरा तारे माझ्या पाया पडले. भाऊ त्याच्याशी धड बोलेनासे झाले यात नवल काय? आपले जुने रब्बी, धर्मपंडित, याकोबालाही सोडत नाहीत. ताल्मुदात, त्यांच्या चर्चांच्या ग्रंथात, स्पष्ट म्हटलंय की बापाने मुलांमध्ये डावं-उजवं करू नये. दोन सेला वजनाची लोकर याकोबाने एका मुलाला जास्त दिली, आणि त्यापायी आपले पूर्वज मिसरात जाऊन पडले. बाप म्हणून हे वाक्य मी कधी सैल पडू दिलेलं नाही. तुला घड्याळ घेतलं त्याच दिवशी तुझ्या भावालाही का घेतलं, हे आता कळलं असेल.

मग दोथानचं माळरान. भाऊ त्याला लांबून येताना पाहतात आणि मारायचं ठरवतात. थोरला रऊबेन म्हणतो, रक्त सांडू नका, खड्ड्यात टाका. मनात त्याच्या असं की मागाहून गुपचूप येऊन सोडवावं. खड्डा कोरडा, पाणी नाही. योसेफाला आत टाकून ते जेवायला बसतात. हे जेवण एका वाक्यात उरकलंय, पण पुढे याच भावांना भाकरीसाठी त्याच योसेफाच्या दारात उभं राहायचं आहे, हे लक्षात ठेव. तेवढ्यात गिलादकडून इश्माएली व्यापाऱ्यांचा उंटांचा तांडा येतो. डिंक, मलमाची राळ, गंधरस असला माल. आणि यहूदा पहिल्यांदा तोंड उघडतो: "भावाला मारून आपला फायदा काय? विकून टाकू. शेवटी तो आपल्याच रक्ताचा आहे."

या वाक्यावर आपल्याकडे फार खल झालाय. काही म्हणतात, निदान जीव तरी वाचवला. रब्बी मेईर मात्र म्हणतात की यासाठी जो यहूदाची वाहवा करील तो देवाची निंदा करतो. मी रब्बी मेईर यांच्या बाजूचा. "आपल्याच रक्ताचा" हे शब्द तोंडात असताना माणूस किंमत ठरवू शकतो, यात त्या वाक्याचा खरा भयानकपणा आहे. रऊबेन भित्रा असेल, पण त्याचा बेत तरी सोडवण्याचा होता. यहूदाचा बेत नफ्याचा. चांदीचे वीस तुकडे मिळाले. मग बकरा कापला, अंगरखा रक्तात बुडवला आणि बापाकडे पाठवला: "हे सापडलं. ओळखा पाहू, तुमच्या मुलाचा अंगरखा आहे की नाही?" पशूने खाल्ला असं ते एका अक्षरानेही बोलले नाहीत. खोटं बापाने स्वतःच बोलावं अशी व्यवस्था केली. आणि तो बोललाच: "हिंस्र पशूने खाल्ला त्याला."

आता यापुढचा 38वा अध्याय. बहुतेक जण मुलांना गोष्ट सांगताना हा गाळतात. तूही एतानसाठी गाळू पाहशील, गाळू नकोस. तेराव्या वर्षी मुलांना कळत नाही असं काही नसतं. योसेफाला मिसरात नेलं इथे गोष्ट थांबते आणि अचानक यहूदाच्या संसारात शिरते. यहूदा भावांना सोडून खाली उतरतो, एका कनानी माणसाच्या मुलीशी लग्न करतो. तीन मुलगे होतात. थोरल्याचं लग्न तामारशी होतं, तो मरतो. त्या काळच्या चालीप्रमाणे ती दुसऱ्याला दिली जाते, तोही मरतो. तिसरा शेला लहान आहे. यहूदा सुनेला सांगतो, "शेला मोठा होईपर्यंत माहेरी विधवा म्हणून राहा." मनात मात्र भीती, की हाही मरेल. शेला मोठा होतो. तामारला कोणी बोलवत नाही.

काही आधुनिक अभ्यासकांना हा अध्याय मध्येच कुठून तरी आणून खोचल्यासारखा वाटला. पण जुन्या मिद्राशकारांना, म्हणजे तोरावर गोष्टीरूप भाष्य करणाऱ्यांना, धागा बरोबर दिसला होता. त्यांच्या डोळ्यांपुढे बकरं होतं आणि कपडे होते. याकोबाने तरुणपणी आंधळ्या बापाला फसवलं ते भावाचे कपडे आणि करडांची कातडी अंगावर घालून. त्याच याकोबाला मुलांनी फसवलं ते योसेफाचा अंगरखा आणि बकऱ्याचं रक्त घेऊन. आता यहूदाची पाळी.

यहूदाची बायको वारते. सुतक सरल्यावर तो मेंढरांच्या कातरणीसाठी तिम्नाला निघतो. तामार विधवेचे कपडे उतरवते, बुरखा घेते आणि वाटेवर बसते. तो तिला वेश्या समजतो. मोल ठरतं बकरीचं एक करडू. पण करडू आत्ता हाताशी नाही, मग तोवर गहाण काय? त्याची मोहोर, दोरी आणि हातातली काठी. म्हणजे त्या काळी माणसाची जी सही असते, ओळख असते, ती सगळी. नंतर तो मित्राच्या हाती करडू पाठवतो तर बाई गायब. "जाऊ दे, उगाच आपलं हसं होईल," एवढ्यावर यहूदा विषय मिटवतो. लोक काय म्हणतील, ही त्याची काळजी.

तीन महिन्यांनी बातमी येते, सून गरोदर आहे. यहूदाचा निकाल दोन शब्दांचा: "बाहेर काढा. जाळा." चौकशी नाही, काही नाही. इथे गोष्ट सांगणाऱ्याची कमाल बघ. तामारला बाहेर काढत आहेत. हिशोबाने तिने गर्दीत ओरडायला हवं, की हा बघा, हाच! ती ओरडत नाही. सासऱ्याकडे त्या वस्तू पाठवते आणि निरोप देते: ज्याच्या या वस्तू आहेत त्याच्यापासून मला दिवस गेलेत. "ओळखा पाहू, ही मोहोर, दोरी आणि काठी कोणाची?"

ओळखा पाहू. भावांनी रक्ताळलेल्या अंगरख्यासोबत बापाला पाठवलेला निरोप अक्षर-अक्षर तोच. यहूदाच्या कानात त्या क्षणी काय घुमलं असेल ते सांगणाऱ्याने सांगितलेलं नाही. सांगायची गरजही नाही.

ताल्मुद या ठिकाणाहून एक नियम काढतं, आणि तुझ्या भाषणासाठी तो मला फार उपयोगी वाटतो: दुसऱ्याला चारचौघांत लाजिरवाणं करण्यापेक्षा माणसाने जळत्या भट्टीत उडी घेतलेली बरी. कारण तामार तेच करायला निघाली होती. यहूदाने कबूल केलं नसतं तर ती नाव न घेता जळली असती. एतानच्या वर्गातली मुलं रोज फोनवरच्या ग्रुपमध्ये एकमेकांचे फोटो टाकून फिदीफिदी हसतात, असं तूच सांगत होतीस. त्यांना तामार सांग.

यहूदापुढे सोपी वाट उघडी होती. वस्तू त्याच्या हातात परत आल्या होत्या, पुरावा संपला होता. तो म्हणाला, "तिचं माझ्यापेक्षा बरोबर आहे. मी तिला शेला दिला नाही." सबंध तोरात मला आवडणाऱ्या वाक्यांत हे फार वर आहे. त्याने सबब सांगितली नाही. मोहात पडलो, ओळखलं नाही, असली पळवाटही घेतली नाही. मुळाशी गेला: बाईला दिलेला शब्द मी पाळला नाही. आणि बोलला ते गर्दीपुढे, ज्या गर्दीच्या हसण्याला तो थोड्या दिवसांपूर्वी भीत होता. तामारला जुळं झालं, पेरेस आणि जेरह. पेरेसाच्या वंशात पुढे दावीद राजा. राजघराण्याची मूळ आई जाळायला काढलेली सून आहे, हे लिहून ठेवायला आपले पूर्वज लाजले नाहीत याचं मला अजून कौतुक वाटतं.

मधला भाग भरभर सांगतो, तो एतानला सिनेमासारखा येतो. योसेफाला मिसरात विकत घेणाऱ्या पोटीफरची बायको, पुन्हा एक कपडा तिच्या हातात राहतो, पुन्हा त्याच्यावरून खोटा आरोप. एवढं मात्र आवर्जून दाखव: योसेफ तिला नाही म्हणतो त्या शब्दावर वाचनाची 'शालशेलेत' ही खूण आहे, वर-खाली हेलकावत लांबत जाणारा सूर. अख्ख्या तोरात ती फक्त चार ठिकाणी येते. शब्द 'नाही' सांगतो आणि सूर सांगतो की ते 'नाही' काढताना पोराला किती जड गेलं. योसेफाच्या चारित्र्याबद्दल मला खात्री पटते ती त्या सुरामुळे. मग तुरुंग, प्यालेबरदार, फारोची, म्हणजे मिसरच्या राजाची, स्वप्नं, सात सुकाळ, सात दुष्काळ. तिसाव्या वर्षी तो फारोपुढे उभा राहतो आणि मिसराचा कारभारी होतो.

कनानातही दुष्काळ पडतो. दहा भाऊ धान्याला येतात आणि जमिनीवर डोकं टेकतात. योसेफ ओळखतो, ते ओळखत नाहीत. तो त्यांना हेर ठरवतो, तीन दिवस डांबतो, मग म्हणतो, धाकट्याला आणा तर खरे. तेव्हा ते आपसांत आपल्या भाषेत बोलतात, मधे दुभाषा आहे म्हणून बिनधास्त: "आपण भावाचे अपराधी आहोत. तो गयावया करत होता, त्याच्या जिवाची तगमग आपण पाहिली, आणि ऐकलं नाही."

रिबेका, आता 37वा अध्याय काढ आणि योसेफ कुठे गयावया करतो ते शोध. नाही सापडणार. खड्ड्याच्या त्या प्रसंगात योसेफाच्या तोंडी एक शब्द नाही. आपल्याला वाटलं तो गप्प होता. तो ओरडत होता. सांगणाऱ्याने आपल्याला ते ऐकूच दिलं नाही, कारण जेवायला बसलेल्यांनी ते ऐकलं नव्हतं. त्यांना ते बावीस वर्षांच्या आसपास काळ गेल्यावर ऐकू आलं, तेव्हा ते आपल्याही कानावर आलं. मोठमोठ्या कादंबरीकारांना हे जमत नाही.

योसेफ शिमोनाला ओलीस ठेवतो आणि बाकीच्यांच्या पोत्यांत त्यांचीच चांदी परत टाकतो. म्हणजे ते घरी येतात ते एक भाऊ कमी आणि हातात चांदी, अशा अवस्थेत. पूर्वीसारखेच. याकोब आक्रोश करतो, धाकट्या बन्यामीनाला, राहेलच्या दुसऱ्या मुलाला, पाठवत नाही. रऊबेन म्हणतो, "मी त्याला परत आणला नाही तर माझी दोन मुलं मारा." आता या गृहस्थाला काय म्हणावं? मुलगा गमावलेल्या म्हाताऱ्याला तू दोन नातू मारायला सांगतोस! धान्य संपतं तेव्हा यहूदा बोलतो, आणि साधं बोलतो: "मी जामीन राहतो. त्याला माझ्या हातून मागा. नाही आणला तर जन्मभर तुमचा गुन्हेगार." स्वतःचे दोन मुलगे पुरलेला माणूस आहे तो. मुलगा पाठवायला बाप का भितो हे त्याला शेलाच्या वेळी कळून चुकलंय. याकोब ऐकतो. सोबत भेट म्हणून देतो राळ, मध, डिंक, गंधरस, पिस्ते, बदाम. त्या इश्माएली उंटांवरचा माल पुन्हा मिसरच्या वाटेला लागला, फक्त या वेळी तो भावांच्या पाठीवर आहे.

मग मेजवानी, धाकट्याच्या पानात पाचपट वाढणं (कोणी कुरकुरतं का, हे योसेफ बघत असणार), आणि शेवटी बन्यामीनाच्या पोत्यात चांदीचा प्याला. सगळे कपडे फाडून शहरात परततात. योसेफ म्हणतो, "ज्याच्याकडे प्याला सापडला तो माझा गुलाम. तुम्ही बाकीचे सुखाने बापाकडे जा."

इथे 'मिकेत्स' हा पराशा संपतो. तुझे आजोबा शब्बाथच्या, आठवड्याच्या विश्रांतीदिवसाच्या, संध्याकाळी आम्हा भावंडांना गोष्ट सांगत आणि ती नेमकी इथेच तोडत. कितीही विनवण्या करा, पुढचं पुढच्या शब्बाथला. ज्यांनी ही तोड पाडली ते पक्के कीर्तनकार असले पाहिजेत. आपल्याच लोकांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मुंबईत हिब्रू आख्यानांवर मराठी कीर्तनं रचली, त्यांना ही युक्ती मुळातच तयार मिळाली होती.

योसेफाने काय केलंय बघ. खड्ड्याचा प्रसंग त्याने जसाच्या तसा पुन्हा उभा केला. राहेलचा मुलगा आहे, बापाचा लाडका आहे, मिसरातली गुलामी आहे, आणि भावांना हात झटकून घरी जायची मोकळीक आहे. या खेपेला तर त्यांचा दोषही नाही, प्याला खरंच सापडलाय.  आता थेट रामबाम (मायमोनिडीस) या पंडितांवर येतो. बाराव्या शतकात त्यांनी पूर्ण पश्चात्ताप कशाला म्हणायचं ते लिहिलं: तीच संधी पुन्हा समोर यावी, ते करण्याची ताकदही अंगात असावी, आणि माणसाने ते करू नये; भीतीमुळे किंवा दुबळेपणामुळे नव्हे. रडणं, उपास, छाती बडवणं यांची किंमत मी कमी करत नाही, पण किप्पूरच्या, प्रायश्चित्ताच्या, दिवशी सिनेगॉगमध्ये उभा असताना मला कायम ही कसोटी आठवते आणि जरा गैरसोय होते.

आणि मग एतानचं पहिलं वाक्य: यहूदा त्याच्यापुढे सरला.

सतरा वचनांचं भाषण आहे. वकिलाच्या नजरेने वाच. बन्यामीन निर्दोष आहे असं तो म्हणतच नाही. त्याला ते माहीत नाही. हेर म्हणून झालेल्या छळाचा उल्लेख टाळतो, शिमोनाला कोंडल्याचाही. समोरच्याचा मान कुठे दुखावत नाही. आणि पुन्हा पुन्हा एकच माणूस पुढे आणतो: आमचे वडील. त्यांचा जीव या मुलाच्या जिवात गुंतलाय. वडिलांचे शब्द जसेच्या तसे सांगतो: "माझ्या बायकोने मला दोन मुलगे दिले, हे तुम्हाला ठाऊक आहे."

हे वाक्य उच्चारणारा यहूदा लेआचा, याकोबाच्या नावडत्या बायकोचा, मुलगा आहे. बाप "माझी बायको" म्हणतो तेव्हा त्यात यहूदाची आई नाही. "दोन मुलगे" म्हणतो तेव्हा त्यात यहूदा नाही. याच गोष्टीच्या रागाने त्यांनी एका पोराला खड्ड्यात लोटलं होतं. आता तोच अन्याय तो परक्या अधिकाऱ्यापुढे स्वतःच्या तोंडाने सांगतो, आणि त्याच अन्यायाच्या आधारावर दयेची भीक मागतो: वडील त्याच्यावर आमच्यापेक्षा जास्त माया करतात, म्हणून त्याला सोडा आणि मला ठेवा. बाप बदललेला नाही, घरातलं डावं-उजवं तसंच आहे. यहूदाने बापाला त्याच्या खोडीसकट पदरात घेतलंय. तू मला विचारलंस ना, चांगलं काय बोलू? माझ्या लेखी हे ते.

संत तो इथेही नाही, हेही सांग. योसेफाबद्दल "त्याचा भाऊ मेला" असं म्हणून तो पुढे जातो. आम्ही विकला, हे ओठावर येत नाही.

पण त्या भाषणात एक गोष्ट अशी आहे जी योसेफ आयुष्यात पहिल्यांदा ऐकतो. यहूदा बापाचे शब्द सांगतो: "एक माझ्याजवळून गेला तो गेला. मी म्हणालो, त्याला पशूने फाडून खाल्लं. त्यानंतर तो मला दिसला नाही." अंगरख्याचं काय झालं, बापाला काय सांगितलं गेलं, हे योसेफाला कुठून कळणार? तो तर तेव्हा उंटांच्या मागे चालत होता. तेराव्या शतकातले स्पेनचे भाष्यकार रामबान (हे वेगळे, रामबाम नव्हेत) विचारतात की हेब्रोन मिसरपासून काही दिवसांच्या वाटेवर असताना, एवढा मोठा अधिकारी झाल्यावर योसेफाने बापाला एक चिठ्ठी का पाठवली नाही? ते स्वतः उत्तर देतात की स्वप्नं पूर्ण व्हायची होती. मला ते पटत नाही. अलीकडच्या एका भाष्यकाराने वेगळं सुचवलंय: बापानेच मला भावांकडे धाडलं, मग शोधायलाही कोणी आलं नाही, तेव्हा बापही यात सामील असेल, अशी शंका योसेफाच्या मनात असावी. थोरल्या मुलाचं नाव त्याने मनश्शे ठेवलं ते देवाने मला बापाचं घर विसरायला लावलं म्हणून, हे जमेस धर. हे खरं असेल तर यहूदाने नकळत त्याचा बाप त्याला परत दिला. मग योसेफ सगळ्यांना बाहेर घालवतो, मिसरी लोकांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने रडतो, आणि पहिला प्रश्न विचारतो: "मी योसेफ. माझे वडील अजून जिवंत आहेत?" आत्ताच तर भाषणभर ऐकलं की आहेत! तरी विचारतो.

तू म्हणालीस योसेफाचा भाग सोपा गेला असता. 47वा अध्याय वाचलास तर तसं वाटणार नाही. दुष्काळात तो मिसरी लोकांना धान्य विकतो. आधी त्यांचा पैसा संपतो, मग गुरं, मग जमिनी, आणि शेवटी ते स्वतःच फारोचे दास होतात, पिकाचा पाचवा हिस्सा कायमचा फारोला. पुजाऱ्यांच्या जमिनी तेवढ्या सुटतात. विकला गेलेला मुलगा मोठा होऊन अख्खा देश विकत घेतो. लोक त्याला जीवदाता म्हणतात आणि ते खरंही आहे. पण पुढे मिसरात दुसरा राजा आला आणि गुलामी आपल्या वाट्याला आली, तेव्हा ती व्यवस्था तिथे आधीच तयार होती, असं मला वाटतं. याची उत्तरं सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणाऱ्या तुझ्या हझान साहेबांना विचार. ते चिडले तर माझं नाव सांगू नकोस.

नावाचा तुझा प्रश्नही घेऊन टाकतो. आपल्याला यहुदी म्हणतात ते या गोष्टीमुळे थेट नव्हे. इ.स.पू. 722च्या सुमारास अश्शूरांनी उत्तरेचं राज्य बुडवलं, ज्याला संदेष्टे कधी कधी योसेफाचंच नाव देतात. दक्षिणेचं यहूदाचं राज्य राहिलं, त्याचं नाव लोकांना चिकटलं. कोकणात तर आपण शेकडो वर्षं स्वतःला बेने इस्राएल म्हणवत आलो, म्हणजे याकोबाची मुलं; इस्राएल हे त्याचंच दुसरं नाव. त्यात विकणारे आले, विकला गेलेला आला, आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून शेजाऱ्यांनी ठेवलेलं शनिवार तेली हे नावही आलं. कोणत्या भावाचे आपण, हे निवडायची सोय त्या नावात नाही.

एक शेवटचं. याकोब वारल्यावर भाऊ पुन्हा घाबरतात. योसेफाला निरोप पाठवतात की वडील जाताना सांगून गेले, भावांना क्षमा कर. वडिलांनी असं काही सांगितल्याचं आधी कुठेच लिहिलेलं नाही. बहुधा भावांनी रचलं असावं. सतरा वर्षं त्यांनी योसेफाचं अन्न खाल्लं, आणि माफी मिळाली यावर त्यांचा विश्वास बसला नव्हता. तो पुन्हा रडतो. "मी काय देवाच्या जागी आहे?" म्हणतो. इथे यहूदा वेगळा बोलत नाही, भावांच्या घोळक्यातच असतो. मला याचं वाईट वाटतं, पण गोष्ट तशी आहे.

एतानला वाचनाची घाई करू देऊ नकोस. यहूदा बोलायला लागतो तिथे तो आपल्यापेक्षा मोठ्या माणसाशी बोलतोय, दबकून पण न थांबता, हे सुरात यायला हवं. रेकॉर्डिंग पाठव, मी ऐकून सांगतो. आई विचारतेय, मलिदा कोण करणार आहे आणि माणसं किती? पातळ पोहे तिथे अश्दोदला मिळतात की इथून पाठवू ते गुरुवारच्या आत कळव, शेजारचे पुढच्या आठवड्यात निघताहेत.

तुझे
पप्पा